संगणक, प्रश्नमंजूषा आणि एक शतांश गुण

आमच्या अनगोळातील एका मंडळाने गणेशोत्सवात शालेय विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. गुणांचा हिशेब संगणकावर व्हावा, प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर तक्ता दिसावा अशी कार्यकर्त्यांची हौस. मी गणिताचा मास्तर, त्यात गल्लीतलाच. तेव्हा आज्ञावली लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. नियम साधे होते. प्रत्येक संघाला वीस प्रश्न. बरोबर उत्तराला एक गुण. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. प्रश्न सोडून दिला तर काही नाही. मी आज्ञावलीत वजा करायचा आकडा ०.३३ असा लिहिला आणि निर्धास्त झालो.

शेवटी तक्त्यावर दोन संघ वर राहिले. एकाचे गुण १२.०१, दुसऱ्याचे १२.००. टाळ्या झाल्या, फिरती ढाल पहिल्या संघाच्या हातात गेली. मी संगणक आवरत असताना दुसऱ्या संघातली आठवीतली एक मुलगी जवळ आली आणि हातातला कागद पुढे करून म्हणाली, "सर, आमची बारा बरोबर, चूक एकपण नाही. त्यांची तेरा बरोबर, तीन चूक. तीन तृतीयांश म्हणजे पुरता एक गुण गेला की ओ! मग त्यांचेपण बाराच होतात."

मी कागदाकडे पाहिले आणि माझे मलाच वाईट वाटले. तेरातून एक गेला की बारा उरतात, हे पाटीवर शिकलेले मूलही सांगेल. माझ्या यंत्राने मात्र ०.३३ तीनदा वजा करून ०.९९ च घालवले होते आणि जो एक शतांश गुण कुणी कमावलाच नव्हता, त्याच्या जोरावर ढाल दिली होती. त्या रात्रीपासून मी या विषयाकडे जरा गंभीरपणे पाहू लागलो. आपल्या महाविद्यालयातही आता विद्यार्थी परीक्षांचे, स्पर्धांचे, खेळांचे हिशेब करणाऱ्या आज्ञावल्या लिहितात. त्यांच्या हातून अशी चूक होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आणखी आकडे घेतले तर?

पहिला विचार असा मनात येतो की ०.३३ ऐवजी ०.३३३३ घ्यावे. मग तेरा वजा ०.९९९९ म्हणजे १२.०००१. फरक कमी झाला, पण संपला नाही. आणि स्पर्धेत पहिला कोण हे ठरवायला एक दशसहस्रांशही पुरतो. एक तृतीयांश दशांशात कधीच पुरा लिहून होत नाही. कारण दहाचे मूळ अवयव २ आणि ५. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यावर छेदात केवळ हेच अवयव असतील तरच दशांश अपूर्णांक कुठेतरी थांबतो. छेदात ३ किंवा ७ आला की आकडे अखंड चालू राहतात.

संगणकाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. तो दहाच्या नव्हे, दोनच्या पायावर मोजतो. त्यामुळे ज्याच्या छेदात दोनखेरीज दुसरा अवयव आहे असा कोणताही अपूर्णांक त्याला पुरता लिहिता येत नाही. आपल्याला अगदी सरळ वाटणारा एक दशांश हा संगणकाच्या दृष्टीने न संपणारा आकडा आहे. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे बहुतेक संगणक अशा संख्येचे ५३ द्विमान अंक ठेवतात आणि पुढचे सोडून देतात. म्हणून पायथन या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ येते. ०.१ दहा वेळा मिळवले तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. 'बेरीज एक झाली का?' असे आज्ञावलीत विचारले तर संगणक 'नाही' म्हणतो. गंमत अशी की एक तृतीयांश तीनदा मिळवले तर बरोबर १ येतो, कारण तिथे चुका योगायोगाने एकमेकींना खातात. अशा योगायोगाने आपण फसतो; एकदा जमले म्हणजे नेहमी जमेल असे वाटते.

इथे मला आमच्या आजोबांची आठवण होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे त्यांना तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन, हे आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? मराठीत पाऊण म्हणजे पाव उणे एक. कानडीत 'मुक्कालु' म्हणजे तीन 'कालु', तीन पाव. आपण वजाबाकीने बोलतो, आपले शेजारी बेरजेने, अपूर्णांक तोच. आणि पाव, अर्धा, पाऊण यांच्या छेदात दोनच असल्यामुळे हे सगळे अपूर्णांक संगणक अगदी अचूक ठेवतो. सोळा आण्यांचा रुपयाही त्याला मानवला असता. एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया, तिळमात्र चूक नाही. १ एप्रिल १९५७ पासून आपण शंभर पैशांचा रुपया आणला आणि तो माणसाला सोपा झाला. द्विमान यंत्राला मात्र एक नवा पैसादेखील रुपयाच्या अपूर्णांकात पुरता लिहिता येत नाही.

उपाय: लहान नाणे शोधा

मग व्यापारी पेढ्यांचा हिशेब संगणकावर कसा होतो? शहाणा आज्ञावलीकार रुपये-दशांशात हिशेब करीतच नाही. तो सारे पैशांत मोजतो. १२ रुपये ३५ पैसे म्हणजे १२३५ पैसे; पूर्ण संख्या. पूर्ण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीत संगणक चुकत नाही.

प्रश्नमंजूषेतही हेच करावे. एक तृतीयांश गुणाला आपले सर्वांत लहान नाणे माना. बरोबर उत्तराला अशी तीन नाणी, चुकीला एक नाणे वजा. मग पहिल्या संघाचे तेरा त्रिक एकोणचाळीस, वजा तीन म्हणजे छत्तीस. दुसऱ्याचे बारा त्रिक छत्तीस. बरोबरी! एवढे साधे होते. पडद्यावर दाखवताना शेवटी तीनने भागावे, आधी नाही. अभियांत्रिकीच्या जेईई परीक्षेत बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ देतात तेव्हा हेच घडते. एक गुण आणि वजा पाव हेच प्रमाण, पण अपूर्णांक उरत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत आणि गेट परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांत मात्र एक तृतीयांश कपात असते. तिथे तीनचा छेद सांभाळावाच लागतो.

स्पर्धेत इशारा घेऊन दिलेल्या उत्तराला अर्धा गुण, चुकीला एक तृतीयांश वजा, दुसऱ्या संघाकडून आलेल्या प्रश्नाला पाव गुण असे निरनिराळे छेद असतील तर? तर २, ३ आणि ४ यांचा लसावि १२. गुणाचा बारावा भाग हे नाणे धरा. मग गुण होतात १२, ६, वजा ४ आणि ३. यात नवे काही नाही. अपूर्णांक समच्छेद करून मिळवावेत हे भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त सांगितलेच आहे. आणि त्यांच्याही तीनशे वर्षे आधी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त छेदांचा लसावि घेण्याची रीत दिली. त्याला त्यांनी 'निरुद्ध' असे नाव दिले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड.

छेद आधी ठाऊक नसतील तर अंश आणि छेद वेगवेगळे ठेवणारी सोय कित्येक संगणकभाषांत तयार असते. पायथनमध्ये तिला 'फ्रॅक्शन' म्हणतात. तीत एक तृतीयांश हा खराखुरा एक तृतीयांशच राहतो. तिला आकडे देताना मात्र १ आणि ३ असे द्यावेत, ०.३३ दिले तर यंत्र आपली चूकच इमानाने जपून ठेवील.

आधी गुणा, मग भागा

आता शेकडेवारी. पन्नास प्रश्नांपैकी २९ बरोबर आले. टक्के किती? अठ्ठावन्न. पण आज्ञावलीत आधी २९ ला ५० ने भागले, मग १०० ने गुणले, तर पायथन ५७.९९९९९९९९९९९९९९ असे उत्तर देतो. दशांशापुढचे छाटून टाकण्याची आज्ञा पुढे असेल तर विद्यार्थ्याच्या नावापुढे ५७ लागतात. त्याचा एक टक्का गेला कुठे? कुठेच नाही, आपण भागाकाराची घाई केली. आधी २९ गुणिले १०० म्हणजे २९००, मग भागिले ५०, उत्तर बरोबर ५८. दोन्ही वेळा पूर्ण संख्याच हाताळल्या.

जवळच्या पूर्ण टक्क्यापर्यंत न्यायचे असेल तरी दशांशाची गरज नाही. मिळालेल्या गुणांना २०० ने गुणावे, त्यात एकूण गुण मिळवावेत आणि एकूण गुणांच्या दुपटीने भागून केवळ पूर्णांक घ्यावा. आठपैकी पाच म्हणजे ६२.५ टक्के, या रीतीने १००० अधिक ८ म्हणजे १००८, भागिले १६, उत्तर ६३. अर्धा आला की वर, हा आपला शाळेतला नियम इथे पाळला जातो.

हा नियम मुद्दाम सांगावा लागतो, कारण प्रत्येक यंत्र तो पाळतेच असे नाही. २.५ ला पूर्ण करा म्हटले तर स्प्रेडशीट आणि जावास्क्रिप्ट ३ म्हणतात. पायथन मात्र २ म्हणतो आणि ३.५ ला ४ म्हणतो. बरोबर अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जावे असा त्याचा नियम आहे. पुष्कळ आकड्यांच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साचू नये हा त्यामागचा हेतू. आकडेशास्त्रात तो योग्यच. पण १२.५ गुणांच्या मुलाला १२ आणि १३.५ च्या मुलाला १४ दिले तर पहिल्याचे पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतील! ऋण गुणांत घोटाळा आणखी वाढतो. वजा २.५ चे पायथन आणि जावास्क्रिप्ट वजा २ करतात, स्प्रेडशीट वजा ३. वजा सातला दोनने भागून पूर्णांक मागितला तर पायथन वजा ४ देतो आणि सी भाषा वजा ३. जिथे गुण वजा होतात तिथे हे आधी तपासून घ्यावे.

पूर्णांक करणे एकदाच, आणि शेवटी

१९५७ साली जुने आणे नव्या पैशांत बदलताना हाच प्रश्न आला होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नाही. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडावा, जास्त असेल तर पुरा धरावा, असे ठरले. त्यामुळे एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. आता दुकानदाराने एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या मोजल्या तर २४ पैसे, एकत्र मोजल्या तर २५. गिऱ्हाईक तेच, माल तोच. प्रत्येक पायरीला तुकडा छाटला की तुकड्यांचा ढीग होतो.

तो ढीग केवढा होतो हे कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजारात दिसले. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि दशांशाच्या तीन स्थळांपुढचे आकडे छाटले जात. रोज हजारो वेळा हे होत राहिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास आला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. एक सहस्रांशापेक्षा लहान तुकड्यांनी निम्मा आकडा खाल्ला.

आपल्या भागातले उदाहरण हवे असेल तर जमिनीचे घ्या. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. तीन भावांत वाटणी झाली आणि लिहिताना तिघांना तेरा-तेरा गुंठे लिहिले, तर एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, बेवारस राहिला. अनगोळ-वडगावकडे जिथे पूर्वी शेते होती तिथे आता प्लॉट पडले आहेत. तिथे एवढ्या जागेवर घर उभे राहते. कोर्टकचेरीला याहून कमी कारणही पुरते.

दाखवायचा आकडा आणि निकालाचा आकडा

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. पडद्यावर दाखवायला आटोपशीर आकडा हवा असतो. पण निकाल त्यावर लावू नये. ५ एप्रिल १९९२ रोजी जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यात निवडणूक झाली. तिथे विधिमंडळात यायला पक्षाला पाच टक्के मते लागतात. ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मिळाली होती. निकालाचा तक्ता छापणारी आज्ञावली दशांशाचे एकच स्थळ दाखवीत असल्यामुळे कागदावर ५.० आले आणि पक्ष आत आला असे जाहीर झाले. मागाहून चूक कळली. ग्रीन पक्षाची जागा गेली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला एका जागेचे बहुमत मिळाले. राज्य कुणाचे, हा प्रश्न तीन शतांश टक्क्यांवर येऊन ठेपला होता.

आपल्याकडेही असे घडू शकते. कर्नाटकातली दहावी आपल्यापैकी अनेकांनी ६२५ गुणांची दिली. चंदगडकडून येणाऱ्या मित्रांची महाराष्ट्रातली दहावी ५०० गुणांवर मोजलेली. एकाला ६२५ पैकी ५३१, दुसऱ्याला ५०० पैकी ४२५. पहिल्याचे ८४.९६ टक्के, दुसऱ्याचे बरोबर ८५. एका दशांश स्थळापर्यंत लिहिले तर दोघांचेही ८५.०. एखाद्या शिष्यवृत्तीला ८५ टक्क्यांची अट असेल तर एकाला ती मिळते, दुसऱ्याला नाही. तक्ता मात्र दोघे सारखे म्हणतो. खरी तुलना तिरकस गुणाकाराने करावी: ५३१ गुणिले ५०० म्हणजे २,६५,५००, ४२५ गुणिले ६२५ म्हणजे २,६५,६२५. दुसरा मोठा. भागाकार नाही, दशांश नाही, वादही नाही. उत्तीर्णतेची अट तपासतानाही तसेच: मिळालेले गुण गुणिले १०० हे अटीचे टक्के गुणिले एकूण गुण याहून कमी आहेत का, एवढेच विचारावे. आणि ८४.९६ ला ८५ मानायचे असे संस्थेच्या मनात असेल तर ते नियमात आधी लिहावे. तो माणसांचा निर्णय आहे, तो यंत्राच्या छपाईवर सोडू नये.

आणखी दोन खड्डे

पहिला खड्डा टक्क्यांच्या सरासरीचा. पहिल्या फेरीत पाचपैकी चार, म्हणजे ८० टक्के. दुसरीत वीसपैकी दहा, म्हणजे ५०. सरासरी ६५ काढली की फसलो. एकूण पंचवीसपैकी चौदा, म्हणजे ५६ टक्के. छेद वेगळे असताना टक्क्यांची सरासरी काढू नये. अंशांची बेरीज आणि छेदांची बेरीज करून मग टक्के काढावेत.

दुसरा शून्याचा. एखाद्या संघाने एकही उत्तर दिले नाही, तर दिलेल्या उत्तरांपैकी बरोबर किती टक्के? शून्याने भागावे लागते आणि आज्ञावली भर कार्यक्रमात बंद पडते. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' असे वेगळे नाव देऊन तिला इतर राशींपासून निराळे काढले. आपणही छेद शून्य आहे का हे आधी पाहून तिथे 'लागू नाही' असे लिहावे. ० टक्के लिहिले तर सगळी उत्तरे चुकवणारा आणि एकही उत्तर न देणारा हे दोघे सारखे ठरतात.

तात्पर्य असे: अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवावा, गुणाकार आधी, भागाकार मागाहून, पूर्ण करणे एकदाच आणि केवळ दाखवण्यापुरते, आणि अर्ध्याचे काय करायचे हे स्पर्धेच्या आधी ठरवून फलकावर लिहावे. आज्ञावली पुरी झाल्यावर ज्यांची उत्तरे आपण हाताने काढली आहेत अशी दहा-पाच उदाहरणे तिला घालावीत. बरोबरीचे, अगदी सीमेवरचे, शून्याचे आणि ऋण गुणांचे उदाहरण त्यांत हवेच. मी तीन चुकांचे एक उदाहरण जरी हाताने करून पाहिले असते तरी ती फजिती टळली असती.

आता त्या ढालीचे. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी मांडवात उभा राहून चूक माझी होती हे सांगितले. दोन्ही संघांना बोलावून पाच प्रश्नांची जादा फेरी घेतली. गुण या वेळी खडूने फळ्यावर मांडले. त्या मुलीचा संघ एका प्रश्नाने हरला आणि ढाल होती तिथेच राहिली. जाताना ती म्हणाली, "आता बरोबर झालं, सर." तिचा तो चुरगळलेला हिशेबाचा कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नवी आज्ञावली लिहायला बसलो की आधी त्याच्याकडे नजर जाते.